खुर्ची कुणी निवडायची?

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाच्या निमित्ताने, गावोगावच्या सभागृहांतून एक समारंभ पार पडतो. व्यासपीठासमोर नव्या कोऱ्या चाकांच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात. पाहुण्यांची भाषणे होतात, हारतुरे होतात, एकेका नावाचा पुकारा होतो आणि एकेकाला खुर्चीत बसवून छायाचित्र घेतले जाते. यामागील सद्‌भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या सर्व सोहळ्यात एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. तो म्हणजे, ‘तुम्हाला जायचे कोठे आहे?’ डोळे तपासल्याशिवाय चष्मा देऊ नये, एवढे आपल्याला कळते. खुर्ची मात्र आपण बिनदिक्कत एकाच मापाची, एकाच घडणीची वाटत सुटतो आणि ती मिळालेल्याने समाधान मानावे अशी अपेक्षाही बाळगतो.

आपल्याकडे सर्रास दिसणारी घडीची खुर्ची मुळात कशासाठी जन्मली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण-अभियंत्याने, जो स्वतः अपघातात अपंग झाला होता, हॅरी जेनिंग्ज या आपल्या अभियंता मित्राच्या साहाय्याने पोलादी नळ्यांची, मध्ये फुलीसारखी दुमडणारी खुर्ची घडविली. मोटारीत मावावी हा तिचा हेतू होता. तिचाच एक स्वस्त अवतार पुढे जगभरच्या रुग्णालयांत रूढ झाला. रुग्णालयातील खुर्ची गुळगुळीत फरशीवरून, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, थोड्या वेळासाठी रुग्णाला नेण्यासाठी असते. किंबहुना ती बसणाऱ्यासाठी नसून ढकलणाऱ्यासाठी असते. तीच खुर्ची आपण आयुष्यभर वापरण्यासाठी म्हणून खेड्यातल्या माणसाच्या हाती देतो, येथेच मूळ चूक होते.

या चुकीमागे यंत्रशास्त्राचा अगदी सोपा नियम आहे. खुर्चीची पुढची चाके लहान आणि अरुंद असली, आणि बसणाऱ्याचे वजन त्यांच्यावर अधिक पडत असले, तर ती वाळूत रुततात व लहानशा दगडालाही अडतात. चाक अडले की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. खडबडीत रस्त्यासाठी पुढचे चाक रुंद व मोठे हवे, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अधिक हवे. मागची चाके हवेच्या टायरची असली तर धक्के कमी बसतात आणि पंक्चर झाल्यास सायकलच्या दुकानात काम भागते. राल्फ हॉचकिस हा अमेरिकन अभियंता स्वतः चाकांच्या खुर्चीत बसणारा. १९८० च्या सुमारास निकाराग्वात तेथील अपंग तरुणांबरोबर काम करताना त्याने हाच धडा गिरविला आणि पुढे गरीब देशांच्या रस्त्यांसाठी, स्थानिक कारखान्यांत बनतील व दुरुस्त होतील अशा खुर्च्या घडविण्याचे कार्य उभे राहिले. रस्ता आधी पाहा, खुर्ची मग ठरवा, एवढेच त्याचे सार.

आपल्या महाराष्ट्राचा रस्ता तरी एक आहे काय? कोकणातल्या वाडीत घरापासून सडकेपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी असते. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. पुण्या-मुंबईच्या पदपथावर मुरुम नाही, चिखल नाही, पण दर वीस पावलांवर उंच कड आहे, फेरीवाला आहे आणि लावून ठेवलेली दुचाकी आहे. या तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकच खुर्ची देणे म्हणजे कुणालाच खुर्ची न देणे होय.

आमच्या परिचयातील एका प्राथमिक शिक्षकांचे उदाहरण येथे सांगावेसे वाटते. दुचाकीच्या अपघातात मास्तरांच्या मणक्याला इजा झाली व कमरेखालचे बळ गेले. एका शिबिरात त्यांना खुर्ची मिळाली. तिची बैठक अंगापेक्षा चार बोटे रुंद होती, त्यामुळे चाकापर्यंत पोचण्यासाठी हात फाकवावे लागत आणि सायंकाळी खांदे भरून येत. घरापासून शाळा अर्ध्या किलोमीटरवर. रस्ता मुरुमाचा, मध्ये ओढ्याचा उतार. तिसऱ्या दिवशी पुढचे चाक गाडीच्या चाकोरीत अडकले आणि मास्तर तोंडावर पडले. घरच्यांनी ठरविले की आता बाहेर जाणे नको. पुढे दोन वर्षे त्या खुर्चीवर पडवीत वाळवण घातले जात होते. एका पुनर्वसन केंद्रातील तज्ज्ञ बाईंनी जेव्हा मास्तरांच्या हाती कागद देऊन, ‘मास्तर, तुमचा शाळेचा रस्ता यावर काढून दाखवा,’ असे म्हटले, तेव्हा प्रथमच कुणीतरी योग्य जागी हात घातला. मापाची, लांब बांध्याची, रुंद चाकांची खुर्ची आली. तीन आठवडे तोल सांभाळून पुढची चाके उचलण्याचा सराव झाला. आज मास्तर कोरड्या दिवसांत एकटे शाळेत जातात. पावसाळ्याचे चार महिने ओढ्यापाशी अजूनही कुणाचा तरी हात लागतो. मात्र आठ महिन्यांचे स्वातंत्र्य ही लहान गोष्ट नव्हे.

जे खुर्चीचे, तेच काठी-कुबड्यांचे. वृद्धांच्या हाती घरातली जुनी काठी दिली जाते, तिची उंची कुणी पाहत नाही. माणूस ताठ उभा असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी, हा साधा नियमही पुष्कळांना ठाऊक नसतो. काखेतल्या कुबडीचे वरचे टोक काखेपासून दोन-तीन बोटे खाली असावे व भार तळहातावर यावा. काखेवर रेलून चालले तर तेथील मज्जातंतू दबून हात बधिर होऊ शकतो. टोकाची रबरी टोपी झिजली की ओल्या शहाबादी फरशीवर काठी आधार राहत नाही, अपघाताचे कारण होते. टोपी बदलण्यास खर्च तो किती! तरीही ती बदलली जात नाही, कारण साधन दिले की कर्तव्य संपले अशी आपली समजूत आहे.

दूर जाणाऱ्यासाठी तीनचाकी सायकल आपल्याकडे बरीच प्रचलित आहे आणि सपाट, लांब रस्त्यावर तिचा उपयोग निःसंशय आहे. साखळी, दाते, टायर सारे ओळखीचे असल्याने ती कोठेही दुरुस्त होते. परंतु ती दारातून आत जात नाही. कचेरीच्या पायरीशी पोचलेला माणूस पुढे कसा जाणार, याचे उत्तर सायकलीत नसते. त्याला आतसाठी वेगळे साधन लागते. मद्रासच्या आयआयटीतील संशोधनातून २०२० मध्ये पुढे आलेल्या ‘निओबोल्ट’ या साधनामागे हाच विचार दिसतो. आपल्याच खुर्चीला पुढून मोटारीचे चाक जोडायचे, रस्ता कापायचा आणि मुक्कामी पोचल्यावर ते सोडवून खुर्चीने आत जायचे. अर्थात विजेवरील कोणतेही साधन घेताना चढावर ते किती टिकते, चार्जिंग कोठे होणार आणि बिघडल्यास जवळचा कारागीर कोण, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. नाहीतर महागडे साधनही पडवीतच जाऊन बसते.

हे सर्व कुणाला नव्याने सुचले आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या घालून दिल्या. नोंदणी, तपासणी, निवड, निधी, तयारी, अंगाला बसवून पाहणे, शिक्षण आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा, असा तो क्रम आहे. आपल्या शिबिरात यांतील नोंदणी आणि वाटप एवढेच उरते, आणि मधली माणसे गळतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, त्याच्या विसाव्या कलमात अपंगांना स्वतःच्या पसंतीने, स्वतः ठरवलेल्या वेळी, परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे असे बंधन आहे. पसंती हा शब्द त्यात शोभेसाठी आलेला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांतील सुमारे ५४ लाख हालचालीच्या अपंगत्वाचे होते. एवढ्या मोठ्या संख्येला एकेकाचे माप घेऊन साधन देणे परवडेल काय? साधनसाहाय्याची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे, कानपूरचा सरकारी कारखाना १९७६ पासून साधने बनवीत आहे. त्यांनी लक्षावधींना आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. न वापरलेली खुर्ची स्वस्त नसते. तिचा पैसा पूर्णपणे बुडालेला असतो. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही त्याला योग्य उशीवाचून नुसत्या कापडी बैठकीवर बसविले तर दाबाच्या जखमा होतात आणि महिनोन्‌महिने अंथरुणात काढावे लागतात. त्या उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च खुर्चीच्या किमतीत कुणी धरतो काय?

शिवाय यासाठी नवे खाते उघडावे लागेल असेही नाही. वाटपाच्या एका दिवसाचे दोन दिवस करावेत. पहिल्या दिवशी मापे घ्यावीत, रस्ता विचारावा, दोन-तीन प्रकारच्या खुर्च्यांत बसवून अंगणात, दगडमातीवर फिरवून पाहावे. दुसऱ्या दिवशी अंगाला बसवून, शिकवून साधन द्यावे. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा महाराष्ट्रात नियम आहे. त्यातून टायर, बेअरिंग, रबरी टोप्या आणि गावच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्याचे चार दिवसांचे प्रशिक्षण सहज होईल.

साधन निवडले म्हणजे रस्त्याची जबाबदारी संपली, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली होती. ती उलटून गेल्यावरही परिस्थिती अशी की नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारक करा, असे सरकारला बजावावे लागले. आपली एस. टी. अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते, पण बहुतेक गाड्यांच्या पायऱ्या उंचच आहेत. अपंगांना दिव्यांग म्हणू लागल्याने त्या पायऱ्या खाली आल्या नाहीत.

शेवटचा अडथळा आपल्या घरातच आहे, आणि तो प्रेमाचा आहे. ‘आम्ही आहोत ना ढकलायला!’ असे आपण म्हणतो, मनापासून म्हणतो. पण ढकलणाऱ्याला सवड असेल तेव्हाच ज्याला वाचनालयात, बाजारात किंवा मित्राकडे जाता येते, त्याच्या प्रत्येक इच्छेला दुसऱ्याची परवानगी लागते. कधी कधी कारण न सांगता घराबाहेर पडणे, चौकात उगाच थांबून येणे, हेही माणसाचे हक्काचे सुख आहे. धडधाकटांना त्याची किंमत कळत नाही, कारण ते त्यांना मागावे लागत नाही.

तेव्हा पुढच्या समारंभात किती खुर्च्या वाटल्या याचा आकडा जाहीर होईल, तेव्हा आयोजकांनी आणखी एक काम अंगावर घ्यावे. सहा महिन्यांनी त्या घरांना भेट द्यावी, आणि त्या खुर्च्यांच्या चाकांना बाहेरची माती लागली आहे की नाही, एवढेच पाहून यावे.