घरच्या संगणकाला कोणती फायरवॉल?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की भोर, नसरापूर, वेल्हे परिसरातल्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मुलगी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला जाणार, तर यंत्र हवेच. दुकानदार लॅपटॉपबरोबर अँटिव्हायरसचा डबा पुढे करतो आणि म्हणतो, ‘घ्या, यात फायरवॉलपण आहे.’ त्याचे पैसे एकदा भरून भागत नाही, मुदत संपली की पुन्हा भरावे लागतात. शेजारचा मुलगा सांगतो, फायरवॉल फुकट मिळते, नेटवरून उतरवून घ्या. इंद्रायणी तांदूळ आणि डेअरीचे दूध विकून आलेल्या पैशांतून लॅपटॉप घेणाऱ्या घराला या दोन सल्ल्यांतला एक निवडायचा असतो. तो कशावरून निवडायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचे मत आधीच मांडतो. विंडोज असलेल्या घरच्या संगणकाला केवळ फायरवॉलसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज आज उरलेली नाही. विंडोजमध्ये जी आहे ती चालू असावी, तिची मांडणी बरोबर असावी, एवढे बहुतेक घरांना पुरते.

फायरवॉल करते काय? संगणक नेटला जोडला की त्याच्याशी बोलण्यासाठी क्रमांक दिलेली हजारो दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. दोन संगणकांत फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी विंडोज ४४५ क्रमांकाचे पोर्ट वापरते, तर बहुतेक संकेतस्थळे ४४३ वरून बोलतात. जोडणी कोणाकडून आली, कोणत्या पोर्टवर आली, कोणत्या प्रोग्रॅमसाठी आली, हे फायरवॉल पाहते आणि नियमात बसेल तेवढीच आत सोडते. ज्या गडाच्या नावाने वेल्हे तालुका आता ओळखला जातो, त्या राजगडाला पाली, गुंजवणे आणि अळू असे दरवाजे आहेत, शिवाय एक चोर दरवाजा. वर येणाऱ्याला अडवून विचारणे हे पहारेकऱ्याचे पहिले काम. खाली उतरणाऱ्यालाही विचारायचे का, हा वेगळा हुकूम. बाजारातल्या फायरवॉलींत जो फरक आहे, तो बहुतांशी या दुसऱ्या हुकुमाचा आहे. विंडोजची फायरवॉल बाहेरून आगंतुक येणाऱ्या जोडण्या अडवते. आतून बाहेर जाणाऱ्यांना, मनाई करणारा नियम तुम्ही स्वतः घातला नसेल तर, जाऊ देते.

वेगळी फायरवॉल हवीच, हा सल्ला एके काळी अगदी खरा होता. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बंद अवस्थेत यायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. तो १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून शिरायचा, आणि त्यासाठी कोणतीही फाइल उघडावी लागत नसे. डायल-अप जोडून नुसते बसले तरी पुरे. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. पुढच्याच वर्षी सॅसर ४४५ मधून आला. त्या दिवसांत झोनअलार्म, केरिओ, आउटपोस्ट या फायरवॉलींची तुलना करणे हा संगणक बाळगणाऱ्याच्या खऱ्या गरजेचा भाग होता. मग ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. व्हिस्टा या पुढच्या विंडोजपासून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर नियम घालण्याची सोयही विंडोजमध्येच आली. केरिओ आणि आउटपोस्ट पुढे बाजारातून गेल्या. परिस्थिती पालटली, सल्ला मात्र तोंडी चालत राहिला.

आज उपलब्ध असलेल्या पर्यायांत पहिला मान डब्याचा. आपल्याकडे अँटिव्हायरस म्हटले की पुष्कळांच्या तोंडी क्विक हीलचे नाव येते, आणि त्याचा अभिमान वाटायला कारण आहे. कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामातून पुढे आलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात हे उत्पादन उभे केले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अशा संपूर्ण संचात फायरवॉल असतेच, आणि ती आली की विंडोजची स्वतःची फायरवॉल सहसा बाजूला होते. कोणाला अँटिव्हायरस, मुलांसाठीची बंधने, अडल्यावर मराठीत बोलणारा मदतनीस हे सगळे हवे असेल, तर संच जरूर घ्यावा. पण वर्गणी संपल्यावर विंडोजची फायरवॉल पुन्हा चालू झाली आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. पैसे भरायचे राहून गेलेला संच यंत्रात तसाच पडून आहे आणि पहाऱ्यावर नक्की कोण आहे याचा घरात कोणालाच पत्ता नाही, ही स्थिती फुकटच्या फायरवॉलपेक्षा वाईट.

दुसरा गट प्रश्न विचारणाऱ्यांचा. कोमोडो हे त्यातले ठळक नाव. झोनअलार्मही २००४ पासून चेक पॉइंट या कंपनीकडे गेले असले तरी त्याच घराण्यातले. एखादा प्रोग्रॅम बाहेर संपर्क साधू लागला की या फायरवॉली विचारू शकतात: जाऊ देऊ की अडवू? गावाकडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आम्हाला इथेच सर्वांत मोठी अडचण दिसते. पडद्यावर ‘एसव्हीसीहोस्ट’ असे नाव येते. तो विंडोजचाच आवश्यक भाग आहे, पण त्याच नावाआड लपणारे व्हायरसही असतात. प्रथम वर्षाच्या मुलाने काय उत्तर द्यावे? ‘नाही’ म्हटले तर अपडेट थांबू शकते, नेट अडू शकते. थोड्याच दिवसांत हात आपोआप ‘अलाऊ’वर जातो, आणि एकदा ती सवय लागली की विचारणारी फायरवॉल आणि न विचारणारी फायरवॉल यांत काही फरक राहत नाही. ज्याला प्रत्येक प्रश्न वाचण्याची, नाव शोधून पाहण्याची आवड आहे त्याच्यासाठी हे उत्तम शिक्षण आहे. बाकी घरांनी या वाटेला जाऊ नये.

तिसरा गट आम्हाला अधिक उपयोगी वाटतो. टायनीवॉल आणि ग्लासवायर यांसारखी साधने विंडोजच्याच यंत्रणेवर काम करतात. टायनीवॉल फुकट आहे, अगदी हलके आहे आणि प्रश्नांच्या खिडक्या काढत नाही. यादीत घातलेल्या प्रोग्रॅमलाच नेट मिळते, बाकीच्यांना नाही. जुन्या, कमी रॅमच्या यंत्रावरही ते जड होत नाही. ग्लासवायरचा गुण वेगळा: कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा खाल्ला, याचा आलेख ते दाखवते. केळद, पासली भागात किंवा भाटघरच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर जिथे लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो आणि दिवसाचा डेटा मोजून मिळतो, तिथे हा आलेख सुरक्षिततेइतकाच खिशाच्या कामाचा. मात्र हे पाहून कोणी विंडोजचे अपडेटच बंद करू नये. कॉलेजच्या वाय-फायवर बसून ते उतरवून घ्यावे.

उबंटू वापरणाऱ्यांसाठी एवढेच, की त्यात यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल असते, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते.

आता मांडणीचे. आमच्या लेखी हा भाग कोणत्याही तुलनेपेक्षा मोलाचा आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ समजते. पब्लिक म्हणजे आजूबाजूचे लोक अनोळखी, प्रायव्हेट म्हणजे घरचे. हॉस्टेल, लॉज, कॉलेज, दुसऱ्याचा हॉटस्पॉट, सगळीकडे पब्लिकच हवे. घरीसुद्धा प्रिंटर वा फाइल वाटून घ्यायची नसेल तर पब्लिकने काही बिघडत नाही. उलटी चूक सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत होते. दोन संगणकांत एक प्रिंटर जोडायचा असतो, तो दिसत नाही, आणि घाईत कोणीतरी फायरवॉलच बंद करून टाकतो. प्रिंटर चालू होतो, गर्दी ओसरते, फायरवॉल मात्र तशीच बंद राहते. त्या संगणकात पंचक्रोशीतल्या लोकांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती साठलेल्या असतात. तिथले नेटवर्क प्रायव्हेट करून फक्त ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला परवानगी दिली की काम भागते.

शेजारच्या संगणकाची भीती कशाला, असे कोणी विचारील. वरंधा घाट उतरून ज्या कोकणात आपण जातो, तिथल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात याचे उत्तर मिळाले आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क समूहाचे जगभरचे संगणक बंद पाडले, आणि त्या समूहाचे जेएनपीटीतील टर्मिनलही अडले. हा व्हायरस मुळात युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, म्हणजे विश्वासाच्या वाटेने. तिथे फायरवॉल काही करू शकली नसती. पण एकदा आत आल्यावर तो चोरलेल्या पासवर्डांनी आणि ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. प्रत्येक यंत्रावर स्वतःची फायरवॉल का हवी, ते इथे कळते. राउटर बाहेरच्याला अडवतो. एकाच वाय-फायवरच्या दोघांमध्ये तो सहसा पडत नाही. शिवाय मोबाइल नेटवर्कवर आता आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत रुळली आहे आणि तीत लॅपटॉपला स्वतःचा थेट पत्ता मिळू शकतो, म्हणून राउटरच्या आडोशावर विसंबणेही बरे नव्हे.

फायरवॉलच्या हाताबाहेरच्या गोष्टीही विकणाऱ्याने सांगायला हव्यात. पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस तिच्यासमोरून येतच नाही. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हा पहारा आपणच उठवलेला असतो. बँकेतून बोलतोय असे सांगून एनीडेस्क हे दुरून संगणक हाताळू देणारे ॲप टाकायला लावणारा माणूस तर आपल्या परवानगीने, नेहमीच्या वाटेने पडद्यावर येतो. तिथे नेट तोडून ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करणे हाच उपाय. अपडेट न मिळणाऱ्या विंडोजची उणीवही फायरवॉल भरून काढत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जिथे शक्य आहे तिथे विंडोज ११ वर जावे, आणि यंत्र जुने असेल तर डब्याचे पैसे वाचवून ते नव्या यंत्राच्या किंवा रॅमच्या कामी लावावेत.

आमची मागणी यंत्रे विकणाऱ्या आणि फॉरमॅट मारून देणाऱ्या दुकानदारांकडे आहे, भोरपासून वेल्ह्यापर्यंत. ग्राहकाच्या हाती यंत्र देताना विंडोज सिक्युरिटीतले ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडून डोमेन (हे कचेऱ्यांच्या नेटवर्कसाठी), प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही ओळींपुढे ती चालू असल्याचे त्याला दाखवावे आणि बिलावर तसे लिहून द्यावे. एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या केंद्रांनी हेच प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या घरच्या संगणकावर करून घ्यावे. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि पैसा तर मुळीच लागत नाही.