चित्रपटाची सीमा कोणी आखली?

नकाशावरची रेघ म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पण गंमत पहा, सिनेमाच्या वितरकांनी ती रेघ मानलीच नाही! त्यांच्या हिशेबी बेळगाव-धारवाड मुंबई सर्किटमध्येच राहिले आणि बिदर-गुलबर्गा निजाम सर्किटमध्ये. राज्ये बदलली, धंद्याचा नकाशा जुन्या प्रांतांचाच राहिला.

आता चित्रपट मोबाईलवर आला आहे आणि हक्क बहुधा देशवार विकले जातात. खानापूरच्या घरात दिसणारा मराठी चित्रपट त्याच घरातला मुलगा दुबईत लावायला गेला, तर ‘आपल्या भागात उपलब्ध नाही’ अशी पाटी पुढे येऊ शकते. यंत्र इंटरनेटच्या पत्त्यावरून देश ओळखते, भाषा विचारत नाही. डीव्हीडीच्या काळातही भारताचा विभाग ५ आणि आखाताचा २ होताच.

निर्मात्याने देशोदेशीचे हक्क वेगवेगळे विकून चार पैसे जरूर मिळवावेत. (बिचाऱ्याला आधीच चित्रपटगृह मिळताना मारामार!) पण ज्या देशात हक्कांना गिऱ्हाईकच नाही, तिथे चित्रपट कुलपात कशासाठी? महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्याला एक अट जोडावी : हक्क न विकलेल्या देशांत चित्रपट तिकीट लावून खुला करावा. तोवर आईने फोनवर गोष्ट सांगायची आणि पोराने ऐकायची, असेच चालणार.