चाकांवरचे घर आणि परक्याची जमीन

नाशिकच्या कडेने दिंडोरी, पेठ आणि त्र्यंबकच्या रस्त्यांना लागून शेतांत ठेवलेल्या पत्र्याच्या तयार खोल्या आता दिसू लागल्या आहेत. कुणी त्यांना कंटेनर घर म्हणते, कुणी पोर्टा केबिन. विकणाऱ्याचा युक्तिवाद साधा असतो: फ्लॅट परवडत नाही ना, मग गुंठा-दोन गुंठे घ्या आणि त्यावर खोली आणून ठेवा, हे बांधकाम नव्हेच, तेव्हा परवानगीची कटकट नाही, आणि उद्या कुणी उठवलेच तर घर उचलून न्या! सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आणि भाड्याच्या एका खोलीत संसार करणाऱ्या माणसाला या बोलण्याची भुरळ पडली, तर त्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण हा युक्तिवाद खोटा आहे, आणि तो खोटा का आहे हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

कायदा भिंतीकडे पाहतो तसा जमिनीच्या वापराकडेही पाहतो. १९६६ च्या नगररचना कायद्यात ‘विकास’ म्हणजे केवळ विटा रचणे नव्हे. जमिनीच्या वापरातील बदलही त्यात येतो. खोलीला चाके लावल्याने शेतजमीन बिगरशेती होत नाही. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याच्या अटी सैल करण्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले खरे, पण तोवर अशा गुंठ्यांचे कितीतरी व्यवहार नोटरीच्या कागदावरच होत आले. पैसे जातात, सातबाऱ्यावर नाव चढत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवण्यात आली. मधली वीस वर्षे लोकांनी नोटिशीच्या भीतीत काढली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

वीस फुटी कंटेनर म्हणजे वीस बाय आठ, जेमतेम पंधरा चौरस मीटर. आर्थिक दुर्बलांच्या घरासाठी पंतप्रधान आवास योजनेने धरलेल्या तीस चौरस मीटरच्या हे निम्मे झाले. शिवाय गृहकर्ज स्थावर मालमत्तेच्या गहाणावर मिळते. उचलून नेता येणाऱ्या खोलीसाठी कामगाराला महागड्या वैयक्तिक कर्जाचीच वाट धरावी लागते. वैशाखात पत्र्याखाली काय होते ते वेगळे सांगायला नको.

चाकांवरच्या घरांचा खरा अनुभव अमेरिकेत आहे. तेथे लाखो कुटुंबांचे घर स्वतःचे आणि खालची जमीन दुसऱ्याची असते. घर हलवण्याचा खर्च इतका की ‘फिरते’ घर प्रत्यक्षात जागचे हलत नाही. म्हणून गुंतवणूक कंपन्या अशा वसाहती विकत घेऊन जागेचे भाडे चढवतात आणि रहिवाशाला मुकाट्याने ते भरावे लागते. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ पासून रहिवाशांनी सहकारी संस्था काढून वसाहतीखालची जमीनच विकत घेण्यास सुरुवात केली, तेव्हा कुठे त्यांना स्थैर्य लाभले.

त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्थेमार्फत जमीन घेतली, केंद्र आणि राज्य सरकारला वाटा उचलायला लावला आणि २००६ मध्ये दहा हजार घरे उभी राहिली. पुढे रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. त्या लढ्याचा झेंडा आपला नव्हता. म्हणून धडा घेऊ नये असे थोडेच आहे?

नाशकात तर हक्काची घरे कायद्याच्या कागदावर आधीच आहेत. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात वीस टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखण्याचा नियम २०१३ पासून आहे. ही घरे म्हाडाकडे आलीच नाहीत, असा जाहीर आरोप खुद्द तत्कालीन गृहनिर्माण मंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये केला. विधिमंडळात गदारोळ झाला, महापालिका आयुक्तांची बदली झाली. आयुक्त बदलला म्हणून कुणा कामगाराच्या हाती किल्ली पडत नाही. ज्या शहरात सिंहस्थासाठी तपोवनात पाणी, वीज, शौचालयांसह तात्पुरते नगर उभे करता येते, तेथे कारखान्यात कायम राबणाऱ्यासाठी जागा नाही, हे आम्ही मान्य करीत नाही.

तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील चार हजार चौरस मीटरवरील मंजूर प्रकल्पांची यादी आणि त्यांतील वीस टक्के घरांचा तपशील माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे व म्हाडाकडे मागावा. जो कामगार गुंठ्याचा इसार द्यायला निघाला असेल, त्याच्याबरोबर आधी तलाठ्याकडे जाऊन त्या गटाचा सातबारा पाहावा.