बिनधुराचा कोळसा आणि बिनपुराव्याचे दावे

थंडी पडली, नवी तूर घरात आली की आपल्या वाशिम जिल्ह्यात रोडग्यांचे बेत सुरू होतात. शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, निखाऱ्यात रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. शहरातल्या लोकांनी 'बार्बेक्यू' हा शब्द आत्ता आत्ता शिकला, आपल्या आज्या तर तो शब्द न ऐकताच हे सगळं करत आल्या! त्यामुळे निखाऱ्यावरच्या जेवणाबद्दल कुणी आपल्याला शिकवायला आलं की जरा गंमतच वाटते.

मागच्या हिवाळ्यात असा एक जण आमच्या बचत गटाच्या बैठकीला आला. हातात लोखंडी जाळीची छोटी शेगडी आणि खोक्यात कोळशाच्या वड्या. बोलायला अगदी गोड. "ताई, समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. आता ढाबे वाढणार, हॉटेलं वाढणार. सगळ्यांना बार्बेक्यूचा कोळसा लागणार. तुम्ही गटाच्या नावानं एजन्सी घ्या, घरबसल्या कमवा." अनामत रक्कम तीस हजार. सोबत त्यानं रंगीत कागद वाटला. त्यावर लिहिलेलं होतं : शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही, धूर नाही, यावर भाजलेलं अन्न पचायला हलकं, कॅन्सरची भीती नाही, हिवाळ्यात घरात शेकायलाही सुरक्षित.

आम्ही बारा जणी. निम्म्या जणी लगेच हिशेब करायला बसल्या, कारण घरबसल्या चार पैसे कुणाला नकोत? पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी वडी हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "काहो दादा, धूर नाही म्हनता, तं मंग बंद खोलीत निजलं तं चालते का?" तो हसून म्हणाला, "बिनधास्त झोपा, काकू!"

त्या 'बिनधास्त'नंच मला सावध केलं. आम्ही त्याला दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. तेवढ्या दिवसांत मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि गटात सांगितलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण हा कागद आज आमच्या गावात आला, उद्या तुमच्या गावातही येईल.

आधी त्याच्या बाजूचं खरं काय ते मान्य करू. कोळशाला धूर कमी असतो, हे खोटं नाही. लाकूड किंवा नारळाची करवंटी भट्टीत कमी हवेत जाळली की धूर देणारे घटक तिथेच निघून जातात आणि उरतो तो कोळसा. त्याची भुकटी करून, खळीसारखं काही चिकट घालून वड्या पाडतात. आपल्या पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं, उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. तेव्हा वाया जाणाऱ्या कचऱ्याचा कोळसा करणं ही कल्पना वाईट नाही, चांगलीच आहे.

प्रश्न आहे तो पुढचा. धूर दिसत नाही म्हणजे अपाय नाही, असं कुणी सांगितलं?

कोळसा धगधगतो तेव्हा त्याला पुरेशी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक जोरानं चिकटतो. मग शरीराला प्राणवायूच मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. चुलीचा धूर निदान डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, आपण उठून बाहेर जातो. हा वायू तेवढीही सूचना देत नाही. म्हणजे 'घरात शेकायला सुरक्षित' हे त्या कागदावरचं सगळ्यात घातक वाक्य होतं.

त्यात आपल्या बायकांची गोष्ट आणखी निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिच्याकडे हिमोग्लोबिन आधीच कमी, तिच्या वाटेचंही या वायूनं पळवलं तर काय होईल, ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?

दुसरा शब्द 'नैसर्गिक'. या शब्दावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. अहो, तंबाखूही नैसर्गिकच असते! पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या सगळं नैसर्गिकच. तरी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले. दम्यासारखे श्वासाचे विकार, हृदयविकार, पक्षाघात, लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा मोतीबिंदू, या सगळ्यांशी हा धूर जोडलेला आहे. घरात दगडी कोळसा जाळण्याचा धूर माणसाला कॅन्सर करतो, असं कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं नोंदवून ठेवलं आहे आणि लाकडाच्या धुरालाही 'बहुधा कॅन्सर करणारा' म्हटलं आहे. आग नैसर्गिक आहे म्हणून फुप्फुसं तिला माफ करत नाहीत.

तिसरा दावा अन्नाचा. यात घाबरवायचं नाही, पण फसायचंही नाही. मटण, चिकन, मासे जाळीवर भाजताना दोन गोष्टी होतात. चरबी निखाऱ्यावर टपकते, त्याचा धूर होतो आणि तो परत मांसावर बसतो. शिवाय मांस खूप आचेवर काळं पडेपर्यंत भाजलं की त्यात नको ती रसायनं तयार होतात. प्रयोगशाळेत ती जनावरांना कॅन्सर करताना दिसली आहेत. कोळसा कोणत्याही कंपनीचा असो, यात फरक पडत नाही. उपाय साधा आहे : आच मंद ठेवायची, मांस उलटत राहायचं, काळा भाग काढून टाकायचा आणि हा प्रकार रोज करायचा नाही. आपल्या भरताच्या वांग्याचं तसं नाही. जळकं साल आपण काढूनच टाकतो. रोडग्यावरची राख झटकतो. वर्षातून चार वेळा शेतात, उघड्यावर केलेल्या रोडग्यांनी कुणाचं बिघडणार नाही. पण कोळशामुळे पचन सुधारतं किंवा कॅन्सर टळतो, हे मात्र कुणीही सिद्ध केलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका विक्रेत्याच्या कागदावर एवढं काय लिहायचं? लिहायचं यासाठी की, चुलीच्या बाबतीत आपल्याला अशी आश्वासनं चाळीस वर्षांपासून मिळत आली आहेत.

१९८३ च्या सुमारास सरकारनं निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या. तुमच्या माहेरी किंवा सासरी अशी चूल असेल तर आठवून पाहा. कुठे नळी फुटली, कुठे धुराडं काजळीनं बुजलं, कुठे मोठं पातेलं त्यावर बसेना. नळी साफ करायला कुणी आलं नाही आणि बाई परत तीन दगडांवर आली. ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांचा काही वर्षं अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. कारण चुलींची देखभाल झाली नाही आणि बायकांनी त्या नेमानं वापरल्या नाहीत. आफ्रिकेतल्या मलावी देशात पंख्याच्या आधुनिक शेगड्या देऊन दहा हजारांहून अधिक मुलांवर पाहणी झाली. २०१६ साली निकाल आला : मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही. शेगडी बरी होती, पण आजूबाजूला कचरा जळत होता, शेजारच्या घरात चूल पेटत होती.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर अगदी आमच्या गटाच्या कामाचं निघालं. २००६ साली बीपी या बड्या तेल कंपनीनं 'ऊर्जा' नावाची शेगडी आणली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनावर ती आधारलेली होती. आत छोटा पंखा आणि जळण म्हणून शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या. बचत गटातल्या बायकांमार्फतही ती विकली गेली. सगळीकडे मिळून सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. पुढे हा धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. शेगडीत खोट नव्हती, धूर खरंच कमी होता. पण ज्या काडीकचऱ्याच्या गोळ्या व्हायच्या, त्याला कारखान्यांकडूनही मागणी आली, भाव वाढला, गोळ्या महागल्या. घरोघरच्या शेगड्या बंद पडत गेल्या आणि कंपनीनं आपला माल हॉटेलं आणि कारखान्यांकडे वळवला. ज्या बाईनं पैसे घालून शेगडी घेतली, ती कोपऱ्यात गंजत पडली.

यातला धडा असा की, शेगडी एकदाच घ्यावी लागते, जळण मात्र रोज. ते उद्या कोण देणार, कोणत्या भावानं देणार आणि कंपनी उठून गेली तर काय करायचं, हे रंगीत कागदावर कधीच छापलेलं नसतं.

आणि हवा कुठे वळते आहे तेही पाहा. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांबद्दल कडक भूमिका घेतली. त्यानंतर मुंबई महापालिकेनं कोळशाच्या तंदूर भट्ट्या असलेल्या हॉटेलांना आणि ढाब्यांनाही नोटिसा दिल्या : जुलैपर्यंत गॅस, वीज यांसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळा. मुंबईच्या माणसाच्या श्वासाची काळजी घेतली जाते, ही चांगलीच गोष्ट. पण मोठ्या शहरात कोळशाचं दार बंद होऊ लागलं की विकणारे लहान गावांकडे वळणार, असं मला वाटतं. आपल्याकडे 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या रस्त्यारस्त्यावर लागल्याच आहेत. गाडीतून उतरणारा पाहुणा अर्धा तास बसतो, भाकरीच्या चवीची तारीफ करतो आणि निघून जातो. भाकरी थापणारी बाई मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत त्या धुरात बसलेली असते. त्या चवीची किंमत तिच्या छातीतून वसूल होते, बिलात ती कुठेच दिसत नाही.

मग गॅसच घ्या, असं सांगून मी मोकळी होऊ का? तेही प्रामाणिक ठरणार नाही. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, देशात दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. आमच्या गटातल्या सात जणींकडे ती शेगडी आहे. पण भरलेला सिलिंडर आणायला एका वेळी पैसे मोजावे लागतात, सबसिडी मागाहून खात्यात येते. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर आणखी ५० रुपयांनी महागला. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असं चालतं. गॅसबद्दलही फुगवून सांगू नये. तामिळनाडूसह चार देशांत ३२०० गरोदर बायकांवर केलेल्या अभ्यासात गॅसमुळे धूर खूप कमी झाला, तरी बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही, असं २०२२ मध्ये दिसून आलं. पण डोळ्यांची जळजळ, काजळी आणि सरपणाची वणवण वाचते, हे तर आपण रोज पाहतो. तेवढंही थोडं नाही.

दोन आठवड्यांनी विक्रेता आला तेव्हा आम्ही त्याला चार प्रश्न विचारले. 'कॅन्सरची भीती नाही' हे कुणी तपासलं, तो कागद दाखवा. शेगडीवर आयएसआय शिक्का आहे का? कोळसा विकला गेला नाही तर परत घेणार का, तसं लिहून देता का? आणि बंद खोलीत वापरू नका, अशी सूचना खोक्यावर का नाही? तो म्हणाला, "ताई, एवढं कुणीच विचारत नाही." नंतर तो आलाच नाही.

गटातल्या दोघी अजून माझ्यावर रुसून आहेत. "हाती आलेला धंदा घालवला," म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. पण तीस हजार आमचेच होते आणि तो कोळसा आम्ही आमच्याच शेजारणींना विकणार होतो. उद्या कुणाच्या घरी तो रात्री खोलीत पेटला असता तर?

त्या पैशातून आम्ही दुसरंच केलं. जिच्याकडे गॅसची जोडणी आहे पण सिलिंडर आणायला रोख नाही, तिला गटातून महिन्याभरासाठी बिनव्याजी पैसे द्यायचे ठरवलं. सबसिडी आली की ती फेडायला सुरुवात करते. ज्यांना मोठा सिलिंडर झेपत नाही, त्या पाच किलोचा घेतात. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना २०२४ मध्ये जाहीर झाली, पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत, तिच्यात कुणाचं नाव बसतं तेही आम्ही तपासलं.

तुमच्या गावात असा कागद आला तर तो फाडू नका, जपून ठेवा. तोच पुरावा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे तक्रार करता येते.

आणि रोडग्यांचा बेत जरूर करा. फक्त उघड्या शेतात करा आणि निखारे विझवूनच घरी या. घमेल्यात भरून खोलीत आणू नका.