वेग जुळला म्हणून दाबही जुळला?

अमेरिकेत नेमबाजीच्या छंदापायी स्वतःची काडतुसं घरीच भरणारे बरेच लोक आहेत. त्यांतले काही जण गोळ्याही घरीच ओततात. जुन्या छापखान्यांतला लायनोटाइपचा धातू त्यांच्या खास आवडीचा: साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. आता या मंडळींच्या हाताशी संगणकही आहे. जर्मनीच्या हार्टमुट ब्रोमेल यांच्या ‘क्विकलोड’सारख्या सॉफ्टवेअरला गोळी, काडतूस, बंदुकीची दारू आणि नळी यांची मापं दिली, की नळीतला दाब आणि गोळीचा वेग यांचा आलेख पडद्यावर उमटतो.

घोडं अडतं ते ओतीव गोळीपाशी. तांब्याचं कवच असलेली गोळी नळीतल्या पिळदार खाचांत शिरताना चांगला विरोध करते. शिशाची मऊ गोळी तेवढा करत नाही. त्यामुळे सुरुवातीचा दाब कमी राहतो. धूरविरहित दारू जळण्याचा वेग दाबावर ठरतो, हे १८८४ मध्ये ती बनवणाऱ्या पॉल व्हिएय यांच्याच नियमात आहे. म्हणजे आरंभीचा छोटा फरक पुढे वाढत जातो. त्यात काडतूस अर्धं रिकामं असेल, तर दारू पुढे सरकली आहे की मागे, यानेही निकाल बदलतो. सॉफ्टवेअरच्या सोप्या गणितात दारूची ही जागा धरलेलीच नसते.

मग छंदिष्ट काय करतो? क्रोनोग्राफ या वेगमापकावर गोळीचा वेग मोजतो आणि तो जुळेपर्यंत सॉफ्टवेअरमधले ज्वलनाचे आकडे फिरवतो. वेग जुळला की मॉडेल ‘बसलं’ म्हणतो. माझा आक्षेप इथे आहे. वेग ठरतो गोळीच्या नळीतल्या सगळ्या वाटचालीवर दाबाने केलेल्या एकूण कामातून. हे काम म्हणजे दाबाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ; उंच सुळका आणि बुटकं, लांब पठार यांचं क्षेत्रफळ सारखं असू शकतं. बंदूक फुटते ती सुळक्याने.

बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. नळीतला दाब मोजायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, आणि तेही तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून. आज पिझो संवेदक आहेत, पण ते प्रयोगशाळेत. घरच्या टेबलावर बहुधा असतो तो क्रोनोग्राफच.

म्हणून अशा सॉफ्टवेअरने कमाल दाबाचा एकच आकडा ठसठशीत छापू नये. त्याच वेगाला जुळणाऱ्या अनेक शक्यतांचा पट्टा दाखवावा. ओतीव गोळीसाठी तो रुंदच असेल. आणि वापरणाऱ्याने प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांची मर्यादा ओलांडू नये. मॉडेलच्या बाजूने साक्ष देतो तो वेग. दाबाची साक्ष कुणी काढलेलीच नसते.