मुंडगोडचा लामा

हुबळीपलीकडचे मुंडगोड आपल्याला ठाऊक आहे ते हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटींमुळे. पण तिथल्या डेपुंग गोमांग मठाचे नाते थेट रशियातल्या काल्मिकियाशी आहे, याचे मला फार नवल वाटते.

कास्पियन समुद्राजवळचा हा बौद्ध मुलूख. कम्युनिस्ट राजवटीत तिथले विहार बंद झाले आणि १९४३ च्या डिसेंबरात स्टालिनने सगळा काल्मिक समाजच सैबेरियात धाडला. १९५७ पासून माणसे परतली, पण गावात एकही चालता विहार नव्हता. धर्म उरला तो म्हाताऱ्यांपाशी, घरात, चोरून.

सोव्हिएत सत्ता गेली. आता पोथी शिकवणार कोण? १९९२ साली त्यांनी मुख्य लामा निवडला तो तेलो टुल्कू रिन्पोछे. काल्मिक घरातला, जन्म अमेरिकेतला, शिक्षण मात्र आपल्या मुंडगोडचे! २००५ मध्ये राजधानी एलिस्टात भव्य सुवर्णविहार उघडला. रशियन शेजाऱ्यांची ऑर्थोडॉक्स चर्चही याच काळात उभी राहिली.

विहार बांधू देणारे सरकार लामाला बोलूही देईलच असे नाही, आणि मला खुपते ते हेच. युक्रेनवरचे युद्ध चुकीचे आहे, असे तेलो टुल्कू म्हणाले. २०२३ च्या जानेवारीत रशियाने त्यांना ‘परकीय हस्तक’ ठरवले. त्यांनी पद सोडले.