शाळेला गाण्याचा मास्तर हवा

१९७१ सालच्या ‘गुड्डी’ चित्रपटाला वसंत देसाई यांचे संगीत आहे. त्यातली ‘बोले रे पपीहरा’ ही मियाँ मल्हारातली चाल वाणी जयराम यांच्यासारख्या तयार गळ्यासाठी बांधलेली. हौशी गाणारा तिच्या पहिल्याच वळणावर अडखळतो. त्याच चित्रपटातली ‘हम को मन की शक्ति देना’ ही केदाराच्या अंगाने जाणारी प्रार्थना शाळेतल्या मुलींनी रांगेत उभे राहून म्हणायची आहे, आणि तेव्हापासून देशभरातल्या शाळा ती म्हणत आल्या आहेत. संगीतकार एकच, चित्रपट एकच, पण हिशेब अगदी निराळा. प्रार्थनेत लय संथ आहे, श्वास घेण्याच्या जागा ओळीच्या अर्थाशी जुळलेल्या आहेत आणि कच्च्या गळ्याचे मूलही शेजारच्याच्या आधाराने ओळ पुरी करू शकते. शंभर जणांनी मिळून गायची चाल बांधणे आणि ती शंभर जणांच्या गळ्यात बसवणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती शिकवावी लागते, आणि आपल्या शाळांत ती शिकवणारा माणूसच नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांपुरता तरी हा प्रश्न आता धसास लावला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

देसाई १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मले. दशावतार आणि कीर्तनाचा तो मुलूख. कोवळ्या वयात ते प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले आणि पडेल ते काम करत शिकले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव यांच्या हाती प्रभातचे संगीत असण्याचा तो काळ. पुढे ‘शकुंतला’, ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूँज उठी शहनाई’ असे चित्रपट त्यांच्या नावावर लागले. १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेल्या कथेतली. पडद्यावर ती खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांसाठी आहे, आणि पडद्याबाहेर ती शाळेशाळेत गेली. इतके यश पदरी असलेल्या माणसाला मुलांच्या गोंगाटात उभे राहण्याची काही गरज नव्हती. तरीही ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी महाराष्ट्रातल्या हजारो शाळकरी मुलांना एकत्र आणून समूहगान शिकवले. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची चित्रपटगीते रेडिओने आणि ध्वनिमुद्रिकांनी जपली. मुलांना एका सुरात आणण्याची त्यांची हातोटी पुढच्या पिढीच्या शिक्षकांकडे पोहोचवील अशी कायमची व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा भाग होता, असे मी मानतो, आणि तोच आपण सर्वांत कमी सांभाळला.

याचे एक कारण आपल्या संगीतशिक्षणाच्या घडणीतच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणले, हे उपकार कोणी विसरणार नाही. पण त्या परंपरेतून आलेल्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा मुख्यतः एकेका विद्यार्थ्याचा गळा तपासतात. विशारद झालेल्या तरुणीला चाळीस मुलांचा वर्ग कोणत्या पट्टीत गाईल, हे ठरवण्याचा सराव मिळतोच असे नाही. खुद्द पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी वेगळी वाट दाखवली होती. साबरमती आश्रमात त्यांनी सामुदायिक प्रार्थनेला शिस्त आणि सूर दिला, आश्रम भजनावली सिद्ध केली आणि १९३०च्या दांडीयात्रेत ते चालत गेले. ही वाट शाळांपर्यंत पोहोचली नाही.

शाळेत आज गाणे असते ते परिपाठापुरते. प्रतिज्ञा, सुविचार यांच्याबरोबर प्रार्थनाही उरकली जाते. गुरुजी आपल्या सोयीच्या पट्टीत सुरुवात करतात आणि मुले एक तर खर्जात पुटपुटतात, नाही तर वर चढून ओरडतात. यात गुरुजींचा दोष नाही, त्यांना कोणी हे शिकवलेलेच नाही. अलीकडे ब्लूटूथ स्पीकर आला आणि मुलांनी गाण्याऐवजी गाणे ऐकायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रण कानांना चांगले वळण लावते, हे खरे. पण मुलाचा स्वर उतरला तर स्पीकर थांबत नाही.

समूहगान ही परदेशी, चर्चमधली गोष्ट आहे, आपले संगीत एकट्याचे, असा आक्षेप घेतला जातो. दौंड तालुका याला पुरेसे उत्तर आहे. तुकोबारायांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. दिंडीत वीणेकरी असतो, समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग. एकाने चरण उचलायचा, बाकीच्यांनी तो झेलायचा, आणि सगळे पावलाच्या लयीत. शेकडो माणसांना एका चालीत बांधण्याची इतकी जुनी, इतकी चोख पद्धत दारात असताना समूहगान परके कसे? त्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रेव्हरंड टिळकांनी लिहिलेली मराठी भजने ख्रिस्ती मंडळी मिळून गातात, आणि त्यांतल्या कित्येकांचे वळण अभंगाचेच आहे. वेगवेगळ्या देवळांत गाणारी ही माणसे गाण्याच्या रीतीत एकमेकांपासून फार लांब नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुलांना धड वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी येत नाही, तिथे गाण्याचे लाड कशाला? माझे म्हणणे उलट आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे या तालुक्यांतल्या वर्गांत हिंदी, भोजपुरी बोलणारी मुले येतात, आणि गळीत हंगामात बीड-नगरकडच्या ऊसतोडणी कामगारांची मुले चार-पाच महिन्यांसाठी येतात. अशा मुलाला वर्गात एकट्याने उठून वाचणे म्हणजे शिक्षा. गाण्यात त्याला गर्दीचा आडोसा मिळतो. शब्द लयीत फोडून पुन्हा पुन्हा म्हणताना ‘ळ’ आणि ‘ण’ जिभेवर बसतात आणि चूक झाली तरी कोणी हसत नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी याच विचाराने देशी लोकगीतांवर शालेय गायन उभे केले आणि १९५० साली केच्केमेटला गायनप्रधान प्राथमिक शाळा सुरू झाली. आपल्याला तर सारेगम उसने आणायचीही गरज नाही.

मैदानावर हजारो मुलांना एका सुरात गायला लावण्यात कवायतीचा, आज्ञाधारकपणाचा धोका आहे, असेही म्हणता येईल. हा धोका मी मान्य करतो. मोठा सोहळा संपला की मुलांच्या हाती फारसे उरत नाही, आणि गाणी केवळ ललकारीची निवडली तर आणखीच कमी उरते. म्हणूनच मैदानापेक्षा वर्ग महत्त्वाचा. तीस मुलांत गाताना शेजारचा ऐकू येतो. आपला आवाज किती सोडायचा, किती आवरायचा, हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. ही समज आज्ञेने येत नाही.

पैशाचे काय? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. पण कला म्हटले की चित्रकला समजली जाते, आणि वाडी-वस्तीवरच्या छोट्या शाळा तर या अटीत बसतच नाहीत. म्हणून शाळेऐवजी केंद्र हे एकक धरावे. एका केंद्रातल्या आठ-दहा शाळांसाठी एक फिरता संगीत शिक्षक, आठवड्यातून प्रत्येक शाळेला एक फेरी, मानधन जिल्हा परिषदेने द्यावे. माणसे कुठून आणायची, याचे उत्तर शिरूर तालुक्यातल्या पाबळनेच दिलेले आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने गावातल्या हुन्नरी माणसांना शाळेत निदेशक म्हणून आणण्याची रीत रुजवली. वेल्डिंग शिकवायला गावचा कारागीर चालतो, तर भजनी मंडळातला पेटीवाला किंवा मृदंगवादक का चालू नये? त्याला महिनाभराचे प्रशिक्षण मात्र हवे: मुलांची पट्टी, श्वास, शब्दोच्चार, आणि अभंगापलीकडची, सर्व धर्मांच्या मुलांना आपली वाटतील अशी गाणी.

यवत, केडगाव, पाबळ आणि रांजणगाव परिसरात जूनपासून हा प्रयोग एक वर्ष करून पाहावा. वर्षअखेरीस परीक्षा साधी असावी. पाचवीच्या वर्गाने पेटीवर एकदाच सूर घ्यावा, पेटी बंद करावी आणि तीन गाणी म्हणावीत. तिसरे गाणे संपल्यावर पेटी पुन्हा उघडावी, आणि वर्ग त्याच पट्टीत आहे का ते पाहावे.